आभारानंतरचा वेळ

सभागृहात त्याला सगळे डॉक्टर म्हणत. तो जनावरांचा डॉक्टर होता, पण हे सांगायला गेलं की समोरचा आपल्या गुडघ्याबद्दल बोलायचं थांबवून कुत्र्याबद्दल बोलायला लागे, म्हणून त्याने सांगणं सोडून दिलं होतं. ज्यांना कुठे दुखतंय ते सांगता येत नाही अशाच रोग्यांना तपासण्यात त्याची उमेदीची वर्षं गेली होती. निवडून आल्यावर त्याला वाटलं, आता काम सोपं, इथे सगळ्यांना बोलता येतं. पहिलं अधिवेशन संपायच्या आत त्याने हे मत मागे घेतलं.

त्या वर्षीच्या मोठ्या विधेयकाचं नाव होतं ‘विविध कायदे (सुधारणा, सुलभीकरण व संकीर्ण तरतुदी) विधेयक’. एवढं म्हणेपर्यंत चहा थंड होतो म्हणून सगळे त्याला गाठोडं म्हणत. खासगीत मंत्रीही गाठोडंच म्हणत. त्यात बंदरं होती, दूध होतं, दत्तक मुलं होती, लिफ्टची तपासणी होती, न्हाव्यांचे परवाने होते आणि थडग्यांची उंची होती. या सगळ्यांचा एकमेकांशी संबंध काय, असं एका पत्रकाराने विचारलं तेव्हा मंत्री म्हणाले, “विकास.” पत्रकाराने लिहून घेतलं.

डॉक्टरच्या शेजारच्या बाकावर किनाऱ्याकडचे एक जुने सदस्य बसत. त्यांना सगळे बंदरवाले म्हणत. ते गाठोड्याची प्रत पाठीमागे टेकायला घेत. “कंबरेला बरं वाटतं,” ते म्हणत. “कुणाचा तरी फायदा झाला पाहिजे ना या विधेयकाने.”

एवढं जाड विधेयक सदस्यांनी वाचावं अशी कुणाचीच अपेक्षा नव्हती. पक्षाचे प्रतोद, म्हणजे कुणी कधी बोलायचं आणि कुठलं बटण दाबायचं हे बघणारे गृहस्थ, त्यांनी त्यावर एक सोय काढली होती. प्रत्येक सदस्याच्या प्रतीत त्याच्या स्वतःच्या कलमावर ते एक पिवळी चिठ्ठी चिकटवून देत. ज्याने जे मागितलं होतं ते त्याला त्या चिठ्ठीपाशी सापडे. मग तो तेवढं पान वाचे, खूश होई, आणि प्रत मिटून ठेवी. दुसऱ्याची चिठ्ठी बघणं असभ्यपणाचं मानलं जाई. जेवताना शेजारच्याच्या ताटात कोण डोकावतं?

डॉक्टरची चिठ्ठी होती दगडखाणीत काम करून दगावलेल्या कामगारांच्या बायकांना पेन्शन देणाऱ्या कलमावर. याच एका गोष्टीवर तो निवडून आला होता. आणि खरं सांगायचं तर ती गोष्ट शोधायला त्याला बाहेर जावं लागलं नव्हतं. त्याची थोरली बहीण, ताई, त्याच बायकांपैकी एक होती. भाऊजींनी खाणीत दगड फोडता फोडता छातीत इतकी धूळ भरून घेतली होती की शेवटी शेवटी त्यांना जिना चढायचा म्हणजे मधे बसावं लागे, आणि मग बसल्या जागीही धाप लागू लागली. खाणमालकाचं म्हणणं होतं की ते सिगारेटने गेले. भाऊजींनी जन्मात सिगारेट ओढली नव्हती. ताईने आणि खाणीवरच्या इतर बायकांनी मालकावर दावा लावला होता. त्या दाव्याला आता इतकी वर्षं झाली होती की मालकाच्या वकिलाचा मुलगा वकील होऊन त्याच दाव्यात उभा राहू लागला होता. पेन्शन हवीच होती, घरं चालत नव्हती. पण ताईला त्याहून जास्त हवं होतं ते म्हणजे कोर्टाने एकदा म्हणावं, माणूस धुळीने गेला.

मतदानाच्या आदल्या दिवशी चहाच्या वेळी प्रतींची अदलाबदल झाली. सगळ्या प्रती दिसायला सारख्याच. डॉक्टरने घरी येऊन आपलं पिवळं पान पुन्हा एकदा वाचावं म्हणून प्रत उघडली. चांगली बातमी माणूस दोनदा वाचतो. पण पान उघडलं ते बंदरवाल्यांचं.

कलम चारशे अठरा. सात वर्षांहून जुने आणि निकाल न लागलेले सर्व दावे या कायद्याने निकाली निघाले असे समजण्यात येईल.

डॉक्टरने ते वाचलं. मग चष्मा पुसून वाचलं. मग दुसऱ्याच्या ताटात डोकावण्याबद्दल जे काही वाटायचं होतं ते बाजूला ठेवून ते पूर्ण प्रकरण वाचून काढलं. पेन्शनच्या कलमाने ताईला जे दिलं होतं त्याच्या कितीतरी पट या एका वाक्याने काढून घेतलं होतं, आणि दोन्हीवर चिठ्ठी पिवळीच होती. 

सकाळी त्याने बंदरवाल्यांना व्हरांड्यात गाठलं.

“दादा, हे तुमचं कलम.”

“वाचलंस?” बंदरवाल्यांचा चेहरा जरा पडला. मग त्यांनी खुलासा केला. बंदराच्या कंपनीने छोट्या होड्यावाल्यांवर वर्षानुवर्षं दंडाचे दावे लावून ठेवले होते. निकाल लागत नव्हता, होड्या अडकून कुजत होत्या. “बापाच्या दंडापायी पोरगा समुद्रात जाऊ शकत नाही. म्हणून म्हटलं, जुनं सगळं पुसा एकदाचं.”

“ठीक आहे हो. पण यात आमच्या खाणीवरच्या बायकांचा दावाही पुसला जातोय.”

 बंदरवाले चांगले गृहस्थ होते, आणि चांगल्या गृहस्थांच्या हातून असं काही होतं तेव्हा त्यांना फार वाईट वाटतं. “म्हणजे सुक्याबरोबर ओलंही जळतंय,” ते म्हणाले. “अरे, मग घाल की तुझा अपवाद. हे कलम फक्त बंदरासाठी, एवढंच म्हणायचं. माझी काय हरकत असणार?”

दोघं प्रतोदांकडे गेले. प्रतोदांचीही हरकत नव्हती.

“मंत्र्यांची तर अजिबात नसेल,” प्रतोद म्हणाले. “त्यांना हे कलम आहे हेच माहीत नसेल.”

“मग दुरुस्ती घालू या.”

“दुरुस्त्यांची मुदत संपली.”

“कधी?”

“विधेयक छापून येण्याच्या आदल्या दिवशी.” प्रतोदांच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही. “आणि डॉक्टर, एक गाठ सोडली की गाठोडं उरत नाही. तुमचा एक अपवाद घेतला तर उद्या ज्याच्या त्याच्या हातात एक एक अपवाद. तुम्हाला पेन्शन हवी ना? मग सगळं घ्या. नको असेल तर सगळं नको म्हणा. तुमची बहीण आज प्रेक्षकांच्या सज्जात टाळ्या वाजवायला येतेय, मीच पास काढून दिलेत. तिच्यासमोर नको म्हणा.”

“चर्चेत तरी बोलू द्याल ना?”

“अलबत. लोकशाही आहे. दोन मिनिटं.”

बायका अकराच्या सुमाराला आल्या. चांगली लुगडी, चांगल्या साड्या नेसून, ओळीने, शाळेच्या सहलीसारख्या. त्यांना तळमजल्यावरच्या प्रतीक्षालयात बसवलं होतं. डॉक्टरने ताईला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. तिने ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं. लहानपणी तो दप्तर हरवून आला की ती अशीच ऐकत असे. मग ती सगळ्यांकडे वळली आणि म्हणाली, “बायांनो, दरवाजा लावा. आपल्याला ठरवायचंय.”

त्यानंतर त्या खोलीत जे झालं त्याला सभागृहाच्या नियमांत चर्चा म्हणतात. पहिल्यांदा कलम सगळ्यांना दोनदा वाचून दाखवलं गेलं. ज्यांना कळलं नाही त्यांनी कळलं नाही म्हणून सांगितलं, आणि त्यांच्यावर कुणी हसलं नाही. धाकट्या वयाच्या एका बाईने सांगितलं की तिच्या घरी तीन लहान मुलं आहेत आणि धूळ की सिगारेट याने त्यांचं पोट भरत नाही. “हातचं सोडून पळत्याच्या मागे नको, ताई.”

“दावा पळता नाही,” ताई म्हणाली. “आपणच त्याच्यामागे धावतोय इतकी वर्षं, म्हणून तसं वाटतं. मालक म्हणतो आपली माणसं व्यसनी होती. हे असंच राहू द्यायचं?”

“माझा होता की व्यसनी,” कोपऱ्यातली एक म्हणाली. “पण मेला धुळीनेच.”

यावर थोडा हशा पिकला, आणि मग कुणीतरी रडलं, आणि मग पुन्हा मुद्द्यावर आल्या. एका म्हातारीने विचारलं, त्या होडीवाल्या पोरांचं काय? कलम पडलं तर त्यांच्या होड्या पुन्हा अडकतील ना? ती पोरं त्यांच्यापैकी कुणी पाहिलीही नव्हती. त्यावरही त्या बोलल्या. शेवटी हात वर झाले. ताईच्या बाजूने तीनच, बाकी सगळ्या पेन्शनच्या बाजूने. ताईने मोजले आणि मान डोलावली.

“मी हरले,” ती भावाला म्हणाली. “चालेल. मला बोलू दिलं, मग हरले. तू बटण होकाराचंच दाब.” तिने त्याच्या कोटाची कॉलर सरळ केली. “पण दाबायच्या आधी ते वाक्य बोल. हे बंदरापुरतं आहे, आम्हाला लागू नाही. मोठ्याने बोल. ऐकोत न ऐकोत.”

“बोलतो.”

“शपथ?”

“ताई, बोलतो म्हटलं ना.”

चर्चेला पूर्ण दिवस ठेवला होता. पण हा वेळ पुरेसा आहे का, यावर विरोधकांनी आणि सरकारने सकाळभर वाद घातला, आणि वादाअंती वेळ अपुरा पडला. मग सदस्य एकामागून एक उठू लागले. न्हाव्यांच्या परवान्यावाले न्हाव्यांबद्दल बोलले, थडगीवाले थडग्यांबद्दल. प्रत्येकजण आपल्या पिवळ्या चिठ्ठीबद्दल सरकारचे आभार मानी आणि खाली बसे. कुणी कुणाला उत्तर देत नव्हतं, कारण कुणी कुणाला काही विचारतच नव्हतं. विरोधी पक्षाचे एक गृहस्थ विधेयक दोन्ही हातांनी डोक्यावर धरून ओरडले, हे वाचायला माणूस नव्हे, बैल लागेल. डॉक्टरला वाटलं, बैलाची बाजू कुणीतरी घ्यायला हवी.

डॉक्टरच्या हातात कागद नव्हता. वाक्य त्याला पाठ होतं. त्याने ते ताईने सांगितल्यापासून घोकलं होतं, जिन्यावर, मुतारीत, बंदरवाल्यांच्या कानात. वर सज्जात ताई कठड्याला टेकून बसली होती.

त्याचं नाव पुकारलं गेलं तेव्हा अध्यक्ष म्हणाले, वेळेअभावी आता प्रत्येकाला एकच मिनिट.

डॉक्टर उभा राहिला. आता इथे त्या माणसाचा स्वभाव सांगायला हवा, नाहीतर लोक त्याला उगाच मूर्ख म्हणतील. म्हैस कितीही तडफडत असली तरी तो कधी थेट सुई घेऊन गेला नव्हता. आधी मानेवरून हात फिरवायचा, दोन शब्द बोलायचे, तिला आपला वास घेऊ द्यायचा, मग सुई. या सवयीमुळे त्याने पुष्कळ जनावरं वाचवली होती आणि एकदाही लाथ खाल्ली नव्हती. अवघड गोष्ट बोलायच्या आधी माणसांशीही तो तसाच वागे. आणि आज बोलायची गोष्ट त्याच्या आयुष्यातली सगळ्यात अवघड होती.

“अध्यक्ष महोदय,” तो म्हणाला, “आपण मला बोलण्याची संधी दिलीत याबद्दल मी आपला ऋणी आहे. आदरणीय नेत्यांचे मी मनापासून आभार मानतो. मंत्रीमहोदयांनी खाणकामगारांच्या विधवा पत्नींना पेन्शन देऊन एक फार मोठं, असं म्हणेन की ऐतिहासिक पाऊल उचललं, त्याबद्दल माझ्या मतदारसंघातर्फे, त्या सर्व भगिनींतर्फे, ज्यांतल्या काही आज इथे उपस्थित आहेत...” इथे सज्जात टाळ्या झाल्या. टाळ्या संपेपर्यंत तो थांबला. टाळ्यांमधून बोलणं बरं दिसत नाही. “...त्यांच्यातर्फे मी कृतज्ञता व्यक्त करतो. पण...”

घंटा वाजली आणि माइक बंद झाला.

तो बोलत राहिला. मोठ्याने बोलला, ताईला दिलेला शब्द पाळला. पण त्या सभागृहात माइक नसलेला आवाज म्हणजे विहिरीत टाकलेला खडा. अध्यक्षांनी पुढचं नाव पुकारलं होतं. पुढचे सदस्य लिफ्टच्या तपासणीबद्दल सरकारचे आभार मानू लागले होते. डॉक्टरचं वाक्य फक्त बंदरवाल्यांना ऐकू आलं. त्यांनी त्याचा कोट धरून त्याला खाली बसवलं आणि म्हणाले, “बोललास, बोललास. बस आता.”

मग बटणं दाबली गेली. डॉक्टरने होकाराचं दाबलं. निकाल जाहीर करताना अध्यक्ष म्हणाले की सांगोपांग चर्चेनंतर विधेयक संमत झालं आहे.

बाहेर पायऱ्यांवर ताईने विचारलं, “बोललास ना?”

“बोललो.”

“मला वरून तुझं तोंड हलताना दिसलं,” ती म्हणाली. तिने त्याच्या पाठीवरून हात फिरवला. त्याला तो हात सहन झाला नाही.

पेन्शन सुरू झाली. पहिल्या महिन्यात डॉक्टरचा सत्कार झाला, आणि त्याने पुन्हा आभार मानले.

दाव्याची तारीख आधीच पडलेली होती. त्या दिवशी तो ताईबरोबर कोर्टात गेला. बायकांच्या वकीलबाईंनी हार मानली नव्हती. त्यांचं म्हणणं सरळ होतं. कलमात ‘सर्व दावे’ म्हटलंय हे खरं, पण ते कलम आहे बंदरं आणि जलमार्गांच्या प्रकरणात. मग ‘सर्व’ म्हणजे बंदराचे सर्व, की जगातले सर्व? मालकाचा वकील, तोच मुलगा, उठून म्हणाला, सर्व म्हणजे सर्व.

न्यायाधीश चष्मा लावलेल्या, थकलेल्या चेहऱ्याच्या बाई होत्या. त्यांनी दोघांचं ऐकलं. त्यांना घाई नव्हती.

“शंका रास्त आहे,” त्या म्हणाल्या. “शब्दांवरून दोन्ही अर्थ निघतात. अशा वेळी आम्ही बघतो की कायदा करणाऱ्यांच्या मनात काय होतं. सभागृहात या कलमावर कोण काय बोललं. एखादा सदस्य जरी उभा राहून म्हणाला असेल की हे बंदरापुरतंच आहे आणि त्याला कुणी विरोध केला नसेल, तर मला या बायकांचा दावा चालू ठेवता येईल.”

 ताईने डॉक्टरचा हात घट्ट धरला. तिच्या चेहऱ्यावर कितीतरी वर्षांनी काहीतरी उजळलं होतं, आणि त्याला तिकडे बघवेना.

“मी कामकाजाचा वृत्तांत मागवून घेतलाय,” न्यायाधीश म्हणाल्या. “पूर्ण वाचला. कलम चारशे अठराबद्दल त्यात अवाक्षर नाही. खाणीचा उल्लेख एका सदस्याने केलाय.” त्यांनी पान उलटलं. “त्यांनी सगळ्यांचे आभार मानलेत. टाळ्या. पुन्हा आभार. मग ‘पण’. मग कंसात, घंटा.”

त्यांनी चष्मा काढला. “एका ‘पण’वर मी काय निकाल देऊ?”

डॉक्टर उभा राहिला. “तो सदस्य मी आहे.”

कोर्टात कुजबुज झाली. मालकाच्या वकिलाने हरकत घ्यायला तोंड उघडलं, पण न्यायाधीशांनी हाताने त्याला बसवलं.

“मी पुढे बोललो होतो,” डॉक्टर म्हणाला. “माइक बंद होता. शेजारच्यांनी ऐकलंय, ते साक्ष देतील.”

“बोलला असाल. माझा विश्वास आहे. पण नोंदीत नाही ते सभागृहात बोललं गेलं नाही, असंच मला धरावं लागतं.” मग त्यांनी विचारलं, आणि विचारताना त्या न्यायाधीशासारख्या वाटल्या नाहीत, “काय बोलला होतात?”

“कलम चारशे अठरा फक्त बंदराच्या दाव्यांसाठी आहे, कामामुळे झालेल्या आजारांच्या दाव्यांना ते लागू नाही.”

न्यायाधीश पुढचं ऐकायला थांबल्या. पुढे काही नव्हतं. त्यांनी मान हलवली, काहीतरी लिहिलं, आणि दावा निकाली निघाल्याचं सांगितलं. पुढच्या दाव्याची माणसं बाकांवर सरकू लागली.

ताई उठली नाही. तिने त्याचा हात सोडला होता आणि ती त्याच्याकडे बघत होती. रागाने नाही, नुसतीच, हिशेब न जुळल्यासारखी.

“मी सांगितलं तेवढंच होतं?” ती म्हणाली.

“हो.”

“मला वाटलं तू त्यात आणखी मोठं काहीतरी घातलं असशील. मिनिटात न मावणारं.” तिने पदर सारखा केला. “एवढंच होतं तर आधी हेच म्हणायचंस रे. आभार मी मानले असते त्यांचे, घरोघर जाऊन.”